आधी पुनर्वसन, मग शस्त्रक्रिया

१७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात पुण्याजवळ घडलेली एक हकीकत छापून आली. कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकत होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून परतला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक घडवून दिलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिल्याची नोंद आहे. वीस वर्षांनी, १८१४ साली, जोसेफ कार्प्यू या सर्जनने तीच पद्धत लंडनमध्ये वापरली. युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीची सुरुवात इथून मोजली जाते.

नाक नव्हतं तेव्हाही कावसजी श्वास घेत होता, जेवत होता, जगत होता. तरी त्याला नाक परत मिळावं यात कुणाला काही गैर वाटलं नाही. माणसाला चारचौघांत वावरायचं असतं आणि त्यासाठी चेहरा लागतो, हे सांगावं लागलं नाही. आज त्याच पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यातल्या एखाद्या बाईच्या छातीत गाठ निघते, ती काढली जाते, छातीला खड्डा पडतो किंवा एक बाजू आक्रसून वर ओढली जाते. हे सावरता येईल का, असं तिने विचारलं तर घरचे, शेजारचे आणि पुष्कळदा डॉक्टरही म्हणतात, जीव वाचला ना, आता ते कशाला. ती गप्प बसते. बहुतेक वेळा विचारतच नाही.

कावसजी आणि ती बाई यांच्यात फरक एवढाच की नाक उघड्यावर असतं आणि स्तन पदराखाली. जगाला दिसत नाही ते नसलं तरी चालतं, असा हिशेब आपण तिच्या वतीने करून टाकतो. पण ते झाकलेलं असतं इतरांपासून. न्हाणीत अंगावर पाणी घेताना, कपडे बदलताना, कूस बदलताना तिला ते रोज दिसतं आणि जाणवतं. चोळी एका बाजूने ढिली पडते, एका खांद्यावरून ओघळते, आत कापडाची घडी कोंबावी लागते, ती कामात सरकते. मग बाई वाकताना पदर दोनदा सावरते. हे तिचं रोजचं जगणं आहे, आणि त्याची भरपाई हा उपचाराचाच भाग आहे असं माझं ठाम मत आहे. मला त्याहूनही महत्त्वाचं वाटतं ते असं: ही भरपाई शस्त्रक्रियेच्या आधी ठरली पाहिजे आणि तिच्याशी बोलून ठरली पाहिजे. गाठ निघाल्यावर, टाके सुटल्यावर, रेडिएशन संपल्यावर तो विषय काढला तर उशीर झालेला असतो. याची कारणं वैद्यकातली आहेत, म्हणून आधी ती पाहू.

अमेरिकेत विल्यम हॉलस्टेडने १८९४ मध्ये आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. त्यात अख्खा स्तन, खालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी सगळं एकत्र काढलं जाई. जितकं जास्त कापू तितका आजार लांब पळेल, या समजुतीवर पाऊणशे वर्षं जगभर लाखो बायकांची छाती बरगड्यांपर्यंत सपाट केली गेली. ही समजूत तपासून पाहण्याचं धाडस करणाऱ्यांत दोन माणसं ठळक होती. मिलानमध्ये उंबर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात ७०१ बायकांची चाचणी घेतली. निम्म्यांचा अख्खा स्तन काढला, निम्म्यांचा फक्त गाठीभोवतीचा भाग काढून नंतर रेडिएशन दिलं. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १८०० हून अधिक बायकांवर अशीच चाचणी केली. २००२ मध्ये दोघांचेही वीस वर्षांचे निष्कर्ष आले आणि जगण्याच्या प्रमाणात काही फरक नव्हता. म्हणजे त्या आधीच्या कित्येक बायकांचं जे गेलं ते जाण्याची गरज नव्हती. फिशर यांच्या चाचणीत आणखी एक गोष्ट कळली. गाठ काढून रेडिएशन दिलं नाही तर त्याच स्तनात आजार परत येण्याचं प्रमाण ३९ टक्के होतं, दिलं तर १४ टक्के. स्तन वाचवायचा तर बहुतेक वेळा रेडिएशन हवंच. हा मुद्दा लक्षात ठेवावा लागेल, कारण मुळशीच्या बाबतीत पुष्कळ काही त्यावर अडतं.

‘स्तन वाचवला’ हे शब्द ऐकून घरच्यांना वाटतं की सगळं होतं तसं राहील. तसं नेहमी होत नाही. स्तनाचा साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग निघाला की आकार बिघडण्याची शक्यता बरीच वाढते. आतल्या वरच्या बाजूची गाठ असेल तर थोडा भाग काढला तरी खळगा उघड दिसतो. खालच्या बाजूची असेल तर स्तनाग्र खाली वळून पक्ष्याच्या चोचीसारखा आकार येतो. त्यावर रेडिएशन झालं की उरलेला भाग घट्ट होतो, आक्रसतो, कातडीची लवचीकता जाते आणि जखम भरण्याची ताकदही कमी होते. दोन वर्षांनी बाई म्हणाली की आता हे नीट करून द्या, तर सर्जनच्या हाती आधीसारखं मऊ, रक्ताने भरलेलं अंग उरलेलं नसतं. तेव्हाची शस्त्रक्रिया मोठी, महाग आणि जास्त जोखमीची होते. त्याऐवजी गाठ काढली त्याच वेळी, तेच टेबल, तीच भूल, शेजारचा भाग सरकवून किंवा जवळून मांस-कातडी आणून पोकळी भरली तर आकार टिकतो आणि रेडिएशनही भरलेल्या स्तनाला मिळतं. जर्मन सर्जन वेर्नर ऑड्रेट्श यांनी नव्वदच्या दशकात या विचाराला ऑन्कोप्लास्टी हे नाव रूढ केलं. पॅरिसच्या कृष्णा क्लॉ यांनी २०१० मध्ये कुठल्या जागेच्या गाठीला कुठली रचना बसते याचा नकाशाच मांडला. तो पाचव्या हिश्श्याचा उंबरठाही त्यांच्याच मांडणीतला.

भरून आणण्याची सोय आधीच असेल तर सर्जन गाठीभोवतीचा निरोगी कडा अधिक मोकळेपणाने काढू शकतो. आकार बिघडेल या भीतीने हात आखडता घ्यावा लागत नाही. आकाराची काळजी घेणं आणि कर्करोग नीट काढणं यांत भांडण आहे हा समज म्हणूनच चुकीचा आहे. तोटेही सांगितले पाहिजेत. शस्त्रक्रियेला वेळ जास्त लागतो, टाके जास्त पडतात, क्वचित जखम भरायला वेळ लागून केमो किंवा रेडिएशन थोडं पुढे जाऊ शकतं. कडेला आजार उरला असं रिपोर्टमध्ये आलं तर सरकवलेल्या भागात मूळ जागा शोधणं अवघड होतं, म्हणून तिथे बारीक धातूच्या खुणा ठेवाव्या लागतात. स्पर्शाची जाणीव पूर्वीसारखी येईलच असं नाही. हे सगळं आधी सांगितलेलं असलं की बाई विचार करून होय किंवा नाही म्हणू शकते.

आणि इथे मुळशीचा इतिहास मला आठवल्याशिवाय राहत नाही. निळा आणि मुळा यांच्या संगमावर टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी धरण बांधायला घेतलं तेव्हा सरकारने कंपनीसाठी जमिनी ताब्यात घेतल्या. शेतकऱ्यांना कुणी विचारलं नाही. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्याचे नेते झाले, बायकाही त्यात उतरल्या, लोक तुरुंगात गेले. तीन वर्षांत लढा संपला आणि भाताची खाचरं पाण्याखाली गेली. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटलं आहे. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात यायला १९७६ साल उजाडलं, आणि पुढे धरणग्रस्तांच्या चळवळीने एक मागणी घरोघरी पोचवली: आधी पुनर्वसन, मग धरण. या मागणीत शहाणपण होतं ते क्रमाचं. एकदा पाणी चढलं की ज्याचं गेलं त्याची सौदा करण्याची ताकद संपते. मग भरपाई उपकार म्हणून मिळते, उशिरा मिळते, नाहीतर मिळतच नाही.

स्तनाच्या शस्त्रक्रियेतही क्रमाचाच प्रश्न आहे. कापण्याआधी बाईच्या हाती बरंच काही असतं: मऊ कातडी, निरोगी रक्तपुरवठा, डॉक्टरांशी बोलायला वेळ, हवं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत. कापल्यानंतर आणि रेडिएशननंतर यातलं फार थोडं उरतं. ही तुलना एका जागी तुटते, हे कबूल केलं पाहिजे. मुळशीचं धरण तिथेच व्हायला हवं होतं असं नव्हतं. गाठ मात्र काढावीच लागते, त्यावर तडजोड नाही. पण जे काढणं अटळ आहे त्याची भरपाई आधी ठरवण्याची जबाबदारी तर आणखीच वाढते. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून घेताना त्याला विचारण्याची गरज जास्त असते, कमी नसते.

विचारलं का जात नाही? घाई हे कारण दिलं जातं. स्तनाच्या कर्करोगात आजच्या आज, उद्याच्या उद्या कापलंच पाहिजे अशी वेळ सहसा येत नाही. बायोप्सी, सोनोग्राफी, मॅमोग्राफी यांत दिवस जातातच. गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करतात, त्यात महिने जातात. या वेळात एक मोकळं बोलणं बसू शकतं. खरं कारण मला दुसरं वाटतं. बाईच्या शरीराचे काही अवयव संसारासाठी असतात, संसार झाला की त्यांचं काम संपलं, असं आपण मनात धरून चाललो आहोत. मुलंबाळं झाली, लग्नाची पोर घरात आहे, आता या वयात काय करायचंय. हेच वाक्य गर्भाशयाच्या बाबतीतही बोललं जातं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केली. ८२ हजारांवर बायकांमध्ये १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यातल्या पुष्कळ जणी तरुण होत्या. स्तनाच्या कर्करोगाशी त्या प्रकरणाचा थेट संबंध नाही, आजार खरा असताना केलेली शस्त्रक्रिया आणि गरज नसताना केलेली शस्त्रक्रिया एका तराजूत घालू नये. पण दोन्हींच्या मागे उभी असलेली समजूत एकच आहे, आणि ती सुशिक्षित घरांतही तितकीच घट्ट आहे. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. चाळिशीतली बाई पुढे तीस-चाळीस वर्षं त्या शरीरात राहणार असते. आणि साठीतल्या बाईला शरीर नसतं का?

मुळशी तालुक्यात ही समजूत दोन वेगळ्या घरांत दिसते. हिंजवडी आणि माणची आयटी कंपन्यांची उंच कार्यालयं याच तालुक्यात येतात, आणि कोळवण खोऱ्यातली, माल्याची, ताम्हिणीची भातशेतीही याच तालुक्यात. हिंजवडीतली बाई इंटरनेटवर वाचून येते, तिच्याकडे कंपनीचा विमा असतो, तरी कागदावर नवरा सही करतो आणि निर्णय त्याच्याशी बोलून होतो. ताम्हिणीकडच्या बाईला डॉक्टर मान खाली घालून लिहिता लिहिता सांगतात, सगळं काढून टाकू, कटकट नको. दोघींनाही विचारलेलं नसतं. शेतातल्या बाईच्या बाबतीत आणखी एक गृहीतक असतं: तिला आकाराचं काय, ती कष्टकरी आहे. मला हे गृहीतक सर्वांत अन्यायाचं वाटतं, आणि ते वैद्यकाच्या दृष्टीनेही चुकीचं आहे. कष्टकरी बाईच्या बाबतीत कुठली पद्धत निवडायची हा प्रश्न उलट जास्त विचार मागतो.

पोकळी भरायला मांस आणायचं तर एक जुना आणि भरवशाचा मार्ग पाठीचा. लॅटिसिमस डॉर्सी नावाचा पाठीवर पसरलेला रुंद स्नायू, त्यावरच्या चरबी आणि कातडीसह, काखेखालून पुढे फिरवतात. हा स्नायू आपण कशासाठी वापरतो? खाली ओढण्यासाठी. विहिरीतून पाणी शेंदताना, कुदळ मारताना, लाकूड फोडताना, बांध चढताना, डोक्यावरचा भारा उतरवताना. तो काढला तरी बाकीचे स्नायू काम उचलतात आणि व्यायामाने बरीचशी ताकद परत येते. पण हात वर करून करायच्या जड कामात कमतरता राहू शकते. ऑफिसात बसणाऱ्या बाईला ती जाणवणार नाही, भात झोडणारीला जाणवेल. यावर दुसरा मार्ग आहे. काखेखाली, छातीच्या कडेला, चोळीच्या काठाशी चरबी आणि कातडीची एक वळी असते. बरगड्यांमधून येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सांभाळून, स्नायूला हात न लावता, ती वळी पुढे वळवून पोकळीत बसवता येते. डॉक्टर याला लायकॅप फ्लॅप म्हणतात. व्रण हाताखाली, चोळीच्या आत लपतो. भारतीय बायकांमध्ये स्तन आकाराने लहान आणि गाठ मात्र उशिरा सापडल्याने मोठी, असं पुष्कळदा असतं. परदेशी पुस्तकांत मोठे स्तन लहान करून आकार साधण्याची जी पद्धत पहिल्या पानावर असते ती इथे नेहमी बसत नाही. बाहेरून भर आणण्याची पद्धत इथे जास्त कामाची ठरते. पुण्यात डॉ. सी. बी. कोप्पीकर यांच्या ऑर्किड्स केंद्राने आणि प्रशांती कॅन्सर केअर मिशनने हे काम केलं, इतर सर्जनना शिकवलं आणि त्याविषयी लिहिलं. कौशल्य म्हणजे दूरच्या परदेशातली गोष्ट राहिलेली नाही. ते पौड रस्त्याच्या टोकाला असलेल्या शहरात आहे.

मग ते मुळशीतल्या पौडच्या पुढे का पोचत नाही? इथे रेडिएशनचा मुद्दा परत येतो. जुन्या पद्धतीने स्तन वाचवल्यावर रेडिएशनचे पंचवीस दिवस होत, आठवड्याला पाच. पौडला रेडिएशन नाही. ताम्हिणीहून पुणे पन्नासएक किलोमीटर. पाच आठवडे रोज जायचं आणि यायचं, किंवा शहरात नातेवाइकांच्या दारी राहायचं, तेही बहुधा लावणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत. सोबतीला माणूस हवा, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. अर्धवट सोडलेलं रेडिएशन धोक्याचं. हे ओळखून सर्जन म्हणतो, अख्खा स्तन काढू म्हणजे बहुतेक वेळा रेडिएशनची गरज पडणार नाही. त्याचा हेतू चांगला असतो. पण बाईचा स्तन जातो तो आजारामुळे नव्हे, एसटीच्या वेळापत्रकामुळे.

इथे गेल्या काही वर्षांत मोठा बदल झाला आहे, आणि तो गावोगाव पोचला पाहिजे. इंग्लंडमधल्या मोठ्या चाचण्यांनी आधी दाखवलं की पंचवीसऐवजी पंधरा दिवसांत तितकाच परिणाम मिळतो. मग २०२० मध्ये ‘फास्ट फॉरवर्ड’ या चाचणीचे निकाल आले. ४ हजारांहून जास्त रुग्णांवर केलेल्या त्या अभ्यासात एका आठवड्यातली पाच सत्रं पंधरा सत्रांइतकीच परिणामकारक ठरली. भारतातही हा छोटा कार्यक्रम तपासला जातो आहे आणि वापरातही येतो आहे. पाच दिवस. ताम्हिणीच्या बाईसाठी पाच आठवडे आणि पाच दिवस यांच्यातलं अंतर म्हणजे स्तन जाणं आणि राहणं यांच्यातलं अंतर असू शकतं. प्रत्येकीला हा कार्यक्रम चालत नाही, ते डॉक्टरच ठरवतील, पण ‘गावची आहे, रेडिएशनला येणार नाही’ हे आपोआप धरून चालणं आता चुकीचं आहे. आकार वाचवण्याच्या बाबतीत कुठल्याही नव्या फ्लॅपपेक्षा या एका बदलाने जास्त बायकांचं भलं होईल असं मला वाटतं.

त्याच्याही आधीचा टप्पा म्हणजे गाठ लहान असताना सापडणं. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून दीड लाखांहून अधिक बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं, एवढंच. तपासलेल्यांत आजार पुढच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण कमी होतं, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराने मरण्याचं प्रमाण जवळजवळ तीस टक्क्यांनी घटलं. महागडी यंत्रं लागली नाहीत. गाठ दीड सेंटिमीटरची असेल तर पोकळी भरण्याचा प्रश्नच पुष्कळदा येत नाही. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या बायकांची अशी तपासणी आहे, पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे एकीचीही ती झालेली आढळली नाही. गाठ दुखत नाही म्हणून बाई थांबते, आणि तपासायला कुणी येत नाही.

पैशांच्या बाबतीत आपण समजतो तितका अंधार नाही. ‘प्लास्टिक सर्जरी विम्यात बसत नाही’ हे वाक्य रुग्णालयाच्या काउंटरवर सहज ऐकू येतं. विमा नियामक इर्डाने २०१९ साली आरोग्य विम्यातल्या अपवादांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात सौंदर्यासाठीची आणि प्लास्टिक सर्जरी वगळली आहे खरी, पण अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्या वगळण्यातून बाहेर ठेवली आहे. म्हणजे कर्करोगामुळे बिघडलेला आकार सावरणं हे सौंदर्यप्रसाधन नाही, असं आपल्या नियमानेच मान्य केलं आहे. हिंजवडीतल्या बाईने हा नियम छापून सोबत न्यावा. वाद होईल तो दुसऱ्या स्तनावरून. एका बाजूचा आकार बदलला की दुसरी बाजू जुळवावी लागते, आणि तिथे कंपनी म्हणू शकते की तो स्तन तर निरोगी आहे. अमेरिकेने १९९८ च्या कायद्यात स्तन काढल्यानंतरच्या पुनर्रचनेबरोबर दुसऱ्या बाजूच्या जुळवणीचाही खर्च विम्याने द्यावा असं स्पष्ट लिहिलं. आपल्याकडेही ते तितकंच स्पष्ट लिहायला हवं. ताम्हिणीच्या बाईसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, तिचं संरक्षण आता पाच लाखांपर्यंत गेलं आहे. तिथे माझी मागणी साधी आहे: स्तन वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेचा दर ठरवताना पोकळी भरण्याचा वेळ आणि कौशल्य त्यातच धरावं. ती वेगळी चैन मानली गेली की ती गरिबाला मिळत नाही.

सरकारी रुग्णालयांत ऑपरेशनच्या रांगा आहेत, एकीच्या आकारावर दोन तास जास्त गेले तर दुसरीची गाठ आठवडाभर थांबेल, हा आक्षेप गंभीर आहे. मी तो हलका करणार नाही. त्याला माझं उत्तर असं की शेजारचा भाग सरकवून खळगा बुजवण्याचं साधं तंत्र प्रत्येक सर्जनला शिकवता येतं आणि त्याला फार वेळ लागत नाही. मोठ्या फ्लॅपची गरज थोड्यांनाच पडते, त्या थोड्यांना योग्य केंद्रात पाठवता येतं. पण पाठवायचं तर आधी ओळखावं लागतं, आणि ओळखायचं तर आधी बोलावं लागतं.

दुसरा आक्षेप मला जास्त विचारात पाडतो. अमेरिकी कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचा स्तन काढला गेला, आणि १९८० च्या ‘द कॅन्सर जर्नल्स’ या पुस्तकात त्यांनी कृत्रिम स्तन नाकारण्याविषयी लिहिलं. तपासणीला त्या तशाच गेल्या तेव्हा नर्सने त्यांना सुचवलं की काही घातलं नाही तर दवाखान्यातल्या मनोधैर्यावर वाईट परिणाम होतो. लॉर्ड यांचं म्हणणं असं होतं की ही सगळी सजावट बघणाऱ्यांच्या सोयीसाठी आहे, आणि ती बाईला आपल्या वेदनेकडे, आपल्या बदललेल्या शरीराकडे बघू देत नाही. मला हे पटतं. म्हणून पुनर्रचना प्रत्येकीने करावी असं माझं म्हणणं मुळीच नाही. ‘तुझा नवरा काय म्हणेल’ हे सांगून तिला करायला लावणं आणि ‘तुझ्या वयाला काय करायचंय’ हे सांगून तिला न करू देणं, दोन्ही सारखेच गैर. पण लॉर्ड यांनी नकार दिला तो आपल्या हातात निवड आहे हे माहीत असताना. माल्याच्या बाईला निवड असते हेच माहीत नसेल तर तिच्या गप्प बसण्याला आपण संमती म्हणू शकत नाही. आणि अख्खा स्तन काढायची वेळ आली व तिला सपाट छाती हवी असेल, तर तीही नीट हवी. कडेला कातडीची लोंबती घडी राहिली की ती हाताला घासते, घामात चिघळते. ‘पुढे लागली तर’ म्हणून ठेवलेली ही जास्तीची कातडी काही बायकांना आयुष्यभर छळते. पुढे नकोच असं जी सांगते तिचा व्रण स्वच्छ, सरळ आणि सपाट शिवणं हेही सर्जनचं कौशल्यच आहे.

मुळशीत हे जमण्यासारखं आहे. लवळ्याला आता सिम्बायोसिसचं मोठं रुग्णालय आणि मुलींचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, पौडला ग्रामीण रुग्णालय आहे, गावोगाव आशाताई आहेत. बायोप्सीचा रिपोर्ट आला की शस्त्रक्रियेच्या तारखेआधी एक बैठक व्हावी. तिथे नवऱ्याला थोडा वेळ बाहेर बसायला सांगावं आणि एका बाई कर्मचाऱ्याने तिच्याशी मराठीत बोलावं. किती भाग जाणार, काय भरता येतं, काय नाही, रेडिएशन किती दिवस, व्रण कुठे येईल, हे चित्र काढून दाखवावं. आणि तिला विचारावं: घरात कोण आहे, तुम्ही कुठलं काम करता, भारा कुठल्या हाताने उचलता, चोळी घालता की ब्लाऊज, यंदा लावणीला कोण जाणार. या उत्तरांवरून पाठीचा स्नायू घ्यायचा की काखेखालची वळी, की काहीच नको, हे ठरू शकतं. तिने ‘मला विचार करू द्या’ म्हटलं तर तिला चार दिवस द्यावेत आणि तिने जे सांगितलं ते केसपेपरवर लिहून ठेवावं, म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी सर्जनसमोर तो कागद असेल.